जोडीची रग

कोल्हापुरातल्या कुठल्याही दैनिकाची आतली पानं चाळा. 'तीन पानी जुगार अड्ड्यावर छापा' ही बातमी बारा महिने असते, आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत जरा जास्तच जागा खाते. मजकूरही ठरलेला. शेतातली खोली किंवा कुणाच्या तरी बांधकामाचा अर्धवट मजला. इतके इतके संशयित. रोख रक्कम, मोबाइल, दुचाक्या आणि पत्त्यांचा कॅट असा मुद्देमाल. जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा. पंचनाम्यात सगळं नोंदवलेलं असतं. पोलीस आत शिरले तेव्हा कुणाच्या हातात कोणती पानं होती, तेवढं नसतं. मला कायम तेवढंच जाणून घ्यायचं असतं.

कारण माझा एक संशय आहे. त्या डावात सगळ्यात जास्त पैसे ज्याने घातले होते, त्याच्या हातात वाईट पानं नसणार. वाईट पानांवर माणूस फारसा बुडत नाही. दुर्री-सत्ती-नव्वी आली की तो बुटाचे पैसे सोडतो, पॅक करतो आणि चहा मागवतो. बुडतो तो एक्क्याची जोडी आलेला. ती टाकून देण्याइतकी वाईट नसते आणि डोळे मिटून लावण्याइतकी चांगलीही नसते. पोकर स्पर्धांचा अभ्यास करणाऱ्यांनी या अशा, दणकट पण धोक्यात असलेल्या पानांवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली आहेत. आपल्याकडे त्यावर कुणी लिहीत नाही, कारण आपल्याकडे पत्त्यांवर लिहायचं म्हणजे फक्त छाप्याची बातमी.

आधी तीन पत्तीचाच हिशेब बघू, तो सगळ्यांच्या परिचयाचा आहे. ५२ पानांतून तीन पानं काढायचे २२,१०० वेगवेगळे प्रकार होतात. त्यातल्या १६,४४० मध्ये, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश वेळा, काहीच जमलेलं नसतं. नुसतं मोठं पान. जोडी येते ती ३,७४४ वेळा. रंग १,०९६, साधा सीक्वेन्स ७२०, एका रंगाचा सीक्वेन्स ४८ आणि ट्रेल ५२. आता एक्क्याची जोडी घ्या. तिला हरवायला रंग किंवा त्याच्या वरचं काहीतरी लागतं, आणि असे प्रकार सगळे मिळून १,९१६. शेकड्याला पावणेनऊसुद्धा नाहीत. समोर एकच माणूस असेल तर एक्क्याची जोडी म्हणजे जवळपास जिंकलेला डाव.

पण दिवाळीच्या रात्री समोर एक माणूस कुठे असतो? मेहुणे असतात, चुलतभाऊ असतात, गल्लीतले दोघे 'सहज' डोकावलेले असतात. समोर सहा जण बसले की त्यांच्यातल्या किमान एकाकडे तुमच्या जोडीपेक्षा वरचं काही असण्याची शक्यता ढोबळमानाने शेकडा ४२ वर जाते. पानं तीच आहेत. बसणारी डोकी वाढली, एवढंच. शिवाय चालीवर चाल चढवत जो शेवटपर्यंत टिकला, तो त्या २२,१०० मधलं काहीतरी रँडम घेऊन बसलेला नाही. त्याच्याकडे काहीतरी आहे म्हणूनच तो टिकलाय. हे जोडीवाल्याला कळत नसतं असं नाही. पण तिकडून कुणीतरी म्हणतं, "एक्क्याची जोडी घेऊन पॅक? लाज नाही वाटत?" आणि हात पुन्हा खिशाकडे जातो.

तीन पत्तीत यापलीकडे फार विचार करायला वाव नाही. पानं वाटली, ती शेवटपर्यंत तीच राहतात. ब्लाइंड, चाल, साइड शो आणि थोडीफार तोंडाची वाफ. सर्वोच्च न्यायालयानेही हे ओळखलं होतं. सिकंदराबादच्या एका करमणूक क्लबच्या खटल्यात १९६७ साली न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचं सांगितलं, कारण कुठलं पान पडलं ते लक्षात ठेवावं लागतं आणि काय धरायचं, काय टाकायचं ते ठरवावं लागतं. त्याच निकालात तीन पानी खेळाला मात्र निव्वळ नशिबाच्या खात्यात टाकलं. आपल्याकडच्या १८८७ च्या जुन्या मुंबई कायद्यातही कौशल्याच्या खेळांना सवलत देणारं १३ वं कलम आहे. म्हणून रमीचे क्लब मंडळाच्या पाटीखाली चालतात आणि तीन पानीवाले गच्चीवरून उड्या मारतात.

पोकर या दोघांच्या मधल्या बाकावर बसतं, आणि कुठल्या बाजूला सरकवायचं यावर न्यायालयांचंच एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवलं. इतर काही ठिकाणी ते कौशल्याकडे झुकवलं गेलं. कोझिकोडच्या आयआयएमने तर पोकरच्या आधाराने व्यूहरचना शिकवणारा अभ्यासक्रमच चालवला. मला विचाराल तर एक डाव नशिबाचा आणि हजार डाव कौशल्याचे. अडचण एवढीच की स्पर्धेत हजार डावांचा निकाल एका वाईट डावात लागू शकतो.

ज्यांनी पोकर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोनच पानं मिळतात. बाकी पाच पानं टेबलाच्या मध्यभागी सगळ्यांसाठी उघडी होतात: आधी तीन एकदम, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक, टर्न, मग शेवटचं, रिव्हर. सातातली उत्तम पाच ज्याची, त्याचा पॉट, म्हणजे मधे जमलेली सगळी रक्कम. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, वाढवायचे किंवा पानं टाकायची. म्हणजे हातातली ताकद डोळ्यांदेखत बदलत जाते. तीन पत्तीतली जोडी आहे तशीच राहते. होल्डेममधली जोडी मात्र फ्लॉप उघडेपर्यंत राणीसारखी मिरवते आणि उघडल्यावर एका क्षणात घरकामाला लागते.

गुलामाची जोडी याचं ठरलेलं उदाहरण. हातात दोन गुलाम आले की नवखा खेळाडू खुलतो आणि जुना खेळाडू उसासा टाकतो. फ्लॉपच्या तीन पानांत एक्का, राजा किंवा राणी यांपैकी किमान एक पान येण्याची शक्यता शेकडा ५७ आहे. अर्ध्याहून जास्त वेळा तुमच्या गुलामापेक्षा मोठं पान टेबलावर पडणार. राणीची जोडी असेल तर हाच आकडा ४१, राजाची असेल तर २३ च्या जरा खाली, आणि दश्शीच्या जोडीला जवळजवळ ७०. तिसरा गुलाम फ्लॉपवरच येऊन तुमची सुटका करेल, ही शक्यता सुमारे शेकडा १२. एक्क्याच्या जोडीला वरचं पानच नाही, तरी तीही गर्दीत वितळते. कुठलीही पानं घेतलेल्या एका माणसासमोर ती पाच पानं उघडेपर्यंत शंभरात ८५ वेळा टिकते. चौघांसमोर ५६ वेळा, आठ जणांसमोर ३५ वेळा. दिवाळीच्या जोडीचाच हा मोठा भाऊ.

म्हणून शहाणा खेळाडू अशी पानं आली की पहिलं काम करतो ते गर्दी कमी करायचं. फ्लॉप उघडायच्या आधीच रक्कम वाढवायची, इतकी की 'बघू तरी' म्हणणारे चार जण उठून जावेत. एक किंवा दोन जण राहिले तर जोडीला जोडीची किंमत राहते.

दुसरं काम भाव लावायचं. हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. समजा टर्नपर्यंतची चार पानं उघडली, त्यात दोन बदाम आहेत, आणि तुमचा अंदाज आहे की समोरच्याच्या हातात आणखी दोन बदाम आहेत. त्याचा रंग एका पानाने अडलाय. त्याला न दिसलेली पानं ४६, त्यातले बदाम नऊ. म्हणजे शेवटच्या पानावर त्याचं काम होण्याची शक्यता शेकडा १९.६, पाचात एकदा. पॉटमध्ये १,००० चिप्स आहेत. तुम्ही घाबरत घाबरत २५० लावले, तर त्याला २५० टाकून १,५०० च्या ढिगाऱ्यातला डाव बघायला मिळतो. त्याला सहात एकदा जिंकलं तरी पुरतं. तो पाचात एकदा जिंकणार आहे. तुम्ही त्याला सवलतीच्या दरात माल विकलात. तुम्ही ५०० लावले तर त्याला चारात एकदा जिंकावं लागतं आणि तेवढं त्याच्याकडे नाही. आला तर दर वेळी त्याचं थोडं थोडं नुकसान. रिव्हरवर त्याचा पाचवा बदाम पडलाही, तरी तुमचा निर्णय बरोबरच होता. पैसे गेले, हे वेगळं.

आता उलट टोक. काही जण या भीतीने पॉटच्या दुप्पट-तिप्पट रक्कम ढकलतात, सगळं संपवून टाकू म्हणून. मग होतं काय, की तुमच्यापेक्षा कच्ची पानं असलेले सगळे निमूट निघून जातात आणि तुम्हाला कॉल करायला, म्हणजे तेवढीच रक्कम लावून भिडायला, उरतो तो फक्त तुमच्यापेक्षा भारी पानांचा. एवढी मोठी रक्कम लावून तुम्ही फक्त हरणारा डाव निवडून काढलात. दणकट पण धोक्यातल्या पानांची ही खरी मेख आहे: कमी लावलं तर समोरच्याला स्वस्तात पुढचं पान मिळतं, फार लावलं तर समोर चुकीचा माणूस उरतो. योग्य आकडा मधे कुठेतरी असतो, आणि तो प्रत्येक डावात हलतो.

कोल्हापूरकराला पोकरची कायदेशीर स्पर्धा टेबलावर बसून खेळायची तर गोवा गाठावं लागतं. गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत पणजी. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत सावंतवाडीला थांबणारे लाकडी फळं घेतात, पण तिथली खरी चीज गंजिफा. राजवाड्यात अजूनही हाताने रंगवली जाणारी गोल पानं, दशावताराच्या दहा रंगांची, प्रत्येक रंगात बारा, एकूण १२०. त्या खेळाचा एक नियम मला फार आवडतो. दहापैकी पाच रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या पाच रंगांत क्रम उलटा, एक्का मोठा आणि दश्शी तळाला. कुठलं पान बलवान, हे पान बघून नाही तर रंग बघून ठरतं. होल्डेम शिकणाऱ्याने सावंतवाडीत तासभर उतरावं, असं मी गंभीरपणे सुचवतो.

गोव्यात १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यातच दुरुस्त्या करून कॅसिनोला वाट काढून दिली. १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन, १९९६ साली पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरचे खेळ. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना मात्र या कॅसिनोंत जायला बंदी आहे. म्हणजे मांडवीच्या काठावर राहणाऱ्याने दिवे बघायचे आणि आपण घाट उतरून आत जायचं. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अंमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. भारतातल्या मोठ्या पोकर स्पर्धा त्यामुळे मांडवीतच नांगर टाकून आहेत. डेल्टिन रोयालवर इंडिया पोकर चॅम्पियनशिपसारख्या मालिका झाल्या, २०१७ मध्ये वर्ल्ड पोकर टूरही तिथे आला. त्याच वर्षी लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांनी जोडीच्या स्पर्धेत भारताला पहिलं ब्रेसलेट, म्हणजे तिथल्या विजेत्याचं कडं, मिळवून दिलं.

स्पर्धेचं टेबल घरच्या अड्ड्यापेक्षा अगदी वेगळं दिसतं. भिंतीवरच्या पडद्यावर घड्याळ उलटं धावत असतं. ठरावीक मिनिटांनी ब्लाइंड, म्हणजे आपला बूट, वाढतो. काही तासांत तो सुरुवातीच्या कितीतरी पट होतो. पैसे एकदाच, प्रवेशाच्या वेळी भरलेले असतात. पुढ्यात असतात त्या नुसत्या चिप्स, आणि त्या संपल्या की खुर्ची सोडायची. सगळ्या खेळणाऱ्यांपैकी साधारण दहाव्या-आठव्या हिश्शालाच काहीतरी परत मिळतं. बक्षिसाच्या रेषेच्या अगदी अलीकडच्या टप्प्याला बबल म्हणतात. तिथे खोलीतला आवाज खाली जातो. बोटांतून चिप्स एकमेकींत सरकवल्याचा तो कटकट आवाज मात्र वाढतो.

अशा ठिकाणी भारी जोडीचं काय होतं, ते बघायला वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेतले काही शेवटचे डाव पुरेसे आहेत. १९८८ साली १६७ जण खेळले आणि शेवटी दोघे उरले: आदल्या वर्षीचा विजेता जॉनी चॅन आणि न्यूयॉर्कहून आलेला नवखा एरिक सैडेल. सैडेलच्या हातात राणी आणि सत्ती. फ्लॉपवर राणी, दश्शी, अठ्ठी. टेबलावरचं सगळ्यात मोठं पान त्याच्या हातात जुळलं होतं. दोघांच्या डावात यापेक्षा चांगलं फार वेळा मिळत नाही. पण तीच तीन पानं पुन्हा बघा: राणी, दश्शी, अठ्ठी. मधल्या दोन फटी भरणारा गुलाम-नव्वी कुणाकडे असेल तर सलग पाच. चॅनकडे नेमकी तीच होती. तो गप्प राहिला, सैडेलने सगळं पुढे ढकललं, डाव संपला. ही चित्रफीत पुढे १९९८ च्या 'राउंडर्स' सिनेमात वापरली गेली आणि सैडेलची हार जगभर दाखवली गेली.

२००३ साली टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून आत आला. नाव खरंच तेच. शेवटच्या डावात समोर मुरलेला सॅम फरहा. फरहाकडे गुलाम-दश्शी, फ्लॉपवर गुलाम, पंजी, चौकी. पुन्हा टेबलावरची सगळ्यात मोठी जोडी. मनीमेकरच्या हातात पंजी-चौकी, दोन जोड्या. फ्लॉपवरच सगळ्या चिप्स मधे. रिव्हरला आणखी एक पंजी पडली. मनीमेकरला २५ लाख डॉलर मिळाले आणि ८३९ खेळाडूंची ती स्पर्धा पुढच्या वर्षी २,५७६ वर, २००६ साली ८,७७३ वर गेली. त्या २००६ च्या शेवटच्या डावात पॉल वासिकाकडे दश्शीची जोडी होती. फ्लॉप राणी, अठ्ठी, पंजी. जेमी गोल्डच्या हातात राणी-नव्वी. शेकडा ७० वेळा वरचं पान पडतं असं वर म्हटलं, त्यातलीच ही एक. वासिकाला ते पान दिसत होतं. गोल्ड बडबड करून काहीतरी लपवतोय असं वाटलं असावं. १ कोटी २० लाख डॉलर गोल्डला.

याच्या शेजारी दोन उलटे डाव ठेवतो. १९८९ मध्ये २४ वर्षांच्या फिल हेलम्युथने नव्वीच्या जोडीवर चॅनचा एक्का-सत्ती हरवून जेतेपद घेतलं. २००९ मध्ये २१ वर्षांच्या जो कॅडाने नव्वीच्याच जोडीवर डार्विन मूनची राणी-गुलाम हरवली. नव्वीची जोडी गुलामाहूनही नाजूक. फरक एवढा, की या दोघांच्या सगळ्या चिप्स फ्लॉपच्या आधीच मधे गेल्या होत्या. त्यानंतर काय पडलं ते बघून घाबरायची, फसायची, भाव लावायची वेळच आली नाही. पाच डावांवरून नियम काढता येत नाही, हे खरं. नव्वीवर हरलेल्यांची मोजदाद कोण करतं? पण कारण गणितातच आहे. मधली जोडी पहिल्या क्षणी सगळ्यात बलवान असते आणि नंतरच्या प्रत्येक पानाला तिचं थोडं कमीच होण्याची शक्यता जास्त. पुढ्यात चिप्स थोड्या असतील, दहा-बारा ब्लाइंडपुरत्या, तर ती लगेच लावणं हेच शहाणपण. चिप्स भरपूर असतील तर सगळं एका जोडीवर लावायचं कारण नाही. मोठ्या पॉटमध्ये एकटी जोडी क्वचितच सगळ्यात वर असते.

बबलवर मात्र हेही बदलतं, आणि कोल्हापूरचा कुणीही खेळाडू इथेच मार खातो असं माझं मत आहे. सोपं उदाहरण. चौघे उरलेत, बक्षिसं तीनच. एकूण १०० रुपये धरू: पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०, चौथ्याला नमस्कार. चिप्स चौघांकडे सारख्या, म्हणून प्रत्येकाचा आजचा वाटा २५ रुपये. समोरच्याने सगळं लावलं. तुमच्याकडे गुलामाची जोडी. त्याच्याकडे एक्का-राजा आहे हे तुम्हाला जणू दिसलंच. पाच पानं उघडेपर्यंत तुम्ही शंभरात ५४-५७ वेळा जिंकणार. घरच्या डावात हा कॉल न करणाऱ्याला लोक नावं ठेवतील.

आता पुढचा हिशेब करा. जिंकलात तर चिप्स दुप्पट, म्हणजे एकूण चिप्सपैकी निम्म्या तुमच्या. पहिलं येण्याची शक्यता निम्मी, त्याचे २५ रुपये. दुसरं येण्याची एक तृतीयांश, त्याचे १०. तिसरं येण्याची एक षष्ठांश, त्याचे ३ रुपये ३३ पैसे. बेरीज ३८ रुपये ३३ पैसे. चिप्स दुप्पट झाल्या, वाटा दुप्पट झाला नाही. हरलात तर शून्य. २५ रुपये पणाला लावून १३ रुपये ३३ पैसे कमवायचे, तर शंभरात ६५ वेळा जिंकावं लागतं. तुमच्याकडे फार तर ५७ आहेत. गुलामाची जोडी टाका.

उरलेले पैसे कुठे गेले? कडेला बसलेल्या दोघांकडे. तुम्ही दोघे भिडलात आणि एक जण बाहेर गेला की त्या दोघांचा प्रत्येकी २५ चा वाटा बसल्या जागी ३० रुपये ८३ पैसे झाला. त्यांनी एक चिप हलवली नाही. हे गणित मुळात घोड्यांच्या शर्यतींसाठी डेव्हिड हारव्हिल यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं. पोकरमध्ये ते मागाहून आलं आणि आता त्याशिवाय कुणी गंभीर खेळाडू स्पर्धेत बसत नाही. यात एक पुस्ती जोडायला हवी. समोरचा वाट्टेल ती पानं घेऊन सगळं लावणारा असेल, तर गुलामाची जोडी त्याच्यासमोर ७७ वर असते, आणि मग टाकणं हा भित्रेपणा ठरतो. म्हणजे शेवटी प्रश्न येतो तो माणसावर. त्याने गेल्या दोन तासांत किती वेळा असं सगळं लावलं होतं? तुम्ही ते बघत होतात, की मोबाइल बघत होतात?

आणखी एक आकडा, मग आकडे पुरे. दर वेळी तुम्ही शंभरात ८० वेळा जिंकणारी पानं घेऊनच सगळं लावलंत, तरी सलग तीन वेळा टिकण्याची शक्यता शेकडा ५१. नाणेफेकच. स्पर्धा जिंकायची तर असे प्रसंग तीनपेक्षा बरेच जास्त येतात. त्यामुळे चांगली पानं आहेत म्हणून भिडत राहणारा खेळाडू कधीतरी जातोच. टिकतो तो आपल्या चिप्स कमी वेळा पूर्ण पणाला लावणारा आणि समोरच्याला पुन्हा पुन्हा त्याचं सगळं पणाला लावायला भाग पाडणारा.

कोल्हापुरात हे पटवून देणं अवघड आहे. आमच्याकडे ईर्षा हा स्वभावाचा भाग आहे आणि तिचा अभिमानही आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असो की गोकुळ दूध संघाची निवडणूक, ईर्षेला पेटल्याशिवाय आम्हाला मजा येत नाही. फुटबॉलमध्ये त्याने खेळ उंचावतो. पत्त्यांत तीच ईर्षा तुमच्या जोडीला बळ देत नाही, फक्त ती टाकू देत नाही. बाहेरगावचे जुने खेळाडू हे बरोबर ओळखतात. त्यांना तुमची पानं वाचायची गरज नसते. एकदा डिवचलं की हा सोडणार नाही, एवढं कळलं की बास.

टाळेबंदीच्या काळात आमच्याकडची बरीच पोरं हा खेळ मोबाइलवर शिकली. तिथे तासाला शेकड्यांनी डाव होतात, त्यामुळे गणित लवकर बसतं आणि पैसाही लवकर जातो. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के कर होताच. मग २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे सगळेच ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड; खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. ज्या घरांत या ॲपांपायी कर्ज झालं, त्यांच्या दृष्टीने बंदी योग्यच, आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. मात्र देशी कंपन्या बंद पडल्यावर परदेशी बेकायदा ॲपांकडे वळलेल्याचे पैसे अडकले तर त्याला दाद मागायला कुणी नाही. तशा लिंक फिरताहेत. घरातल्या पोरांना एवढं नक्की सांगा.

खेळायचंच असेल तर प्रवेशाची रक्कम आधीच खर्चात धरलेली असावी, परत येईल या हिशेबाने नव्हे. आणि भारी जोडीवर हरल्याचं फार मनाला लावून घेऊ नये. राणीच्या जोडीवर हरलेला तो एरिक सैडेल २०१० साली पोकर हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये बहामात त्याने वर्ल्ड सिरीजचं दहावं ब्रेसलेट जिंकलं. मुख्य स्पर्धा मात्र त्याला अजून जिंकता आलेली नाही.